उभ्या पिकातून गाडी न घालणारे साडूभाऊ

मी खोटे बोललो, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचे कौतुक वाचताना कुणाला वाटायचे की हा लिहिणारा मोठा मायाळू नातेवाईक असावा. ज्यांच्याशी खोटे बोललो ते माझे थोरले साडू, म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात त्यांच्याइतक्या सचोटीने व्हिडिओ गेम खेळणारा दुसरा माणूस नाही, असे माझे ठाम मत आहे. जिल्ह्यात कशाला, ज्यांनी हे खेळ बनवले त्यांनाही ते इतक्या नीतीने खेळता येतात याची कल्पना नसेल.

साडूभाऊ चोपन्न वर्षांचे आहेत. मेहकरला त्यांचे विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करण्याचे दुकान आहे. जळालेली मोटार खोलायची, काळी झालेली तार काढायची आणि नवी तांब्याची तार भरून द्यायची, हे काम ते तीस वर्षे करत आहेत. हप्ताभर त्यांचे हात कोपरापर्यंत काळे असतात. रविवारी दुपारी जेवण झाले की मात्र ते हात दोनदा साबणाने धुतात, धुतलेला सदरा घालतात आणि पुढच्या खोलीतल्या दिवाणावर पूजेला बसावे तसे मांडी घालून बसतात. समोर टीव्ही आणि टीव्हीखाली गेमचा डबा. हा डबा त्यांच्या मुलाचा. तो नोकरीला पुण्याला गेला आणि डबा घरीच राहिला. मुलाने तो परत मागितला तेव्हा साडूभाऊंनी त्याला नवा घ्यायला सांगितले. हा डबा आता आपल्या हाताला लागला आहे, असे त्यांचे म्हणणे. ते खरेच होते, कारण त्याचे चारही रिमोट त्यांनी स्वतः खोलून दुरुस्त केलेले होते. एका रिमोटच्या उडीच्या बटणाखाली त्यांनी पंपाचा रबरी वायसर कापून बसवला होता. ते बटण दाबायला पाना फिरवण्याइतकी ताकद लागे. चांगले तीन रिमोट पाहुण्यांना देऊन हा चौथा ते स्वतःकडे ठेवत.

खेळांबद्दल त्यांची मते पक्की होती आणि ती ते न विचारता सांगत. सगळ्यात वरचा खेळ म्हणजे उड्यांचा. त्यात एक ससा पाठीवर पिशवी घेऊन फळ्याफळ्यांवरून उड्या मारत जातो. मध्ये खड्डे, पाणी, वर-खाली होणारे दगड. हा खेळ माणसाला सरळ करतो, असे साडूभाऊ म्हणत. पडलात तर दोष कुणावर ढकलता येत नाही. खड्डाही तोच, ससाही तोच, अंगठाही आपलाच. ते स्वतः कधी धावत सुटत नसत. प्रत्येक खड्ड्याच्या काठाशी सशाला थांबवून पलीकडचा दगड दोन-चार फेऱ्या वर-खाली होऊ देत, मान हलवत, आणि मग उडी मारत. उडी मारताना ससा जितका वर जाई त्याच्या निम्मे साडूभाऊही दिवाणावरून उचलले जात. मधूनमधून एक साळिंदर वाटेत आडवे येते. त्याच्या डोक्यावर उडी मारली की ते चपटे होते आणि दहा गुण मिळतात. साडूभाऊंनी आजवर एकही साळिंदर मारलेले नाही. ते त्याच्यावरून उडी मारून पलीकडे जातात. मी एकदा कारण विचारले तर म्हणाले, “त्यानं आपलं काय वाकडं केलं मास्तर? तो बिचारा त्याच्या कामानं जाऊन राह्यला.”

शर्यतीच्या खेळाबद्दल मात्र त्यांच्या बऱ्याच तक्रारी होत्या. पहिली म्हणजे या गाड्यांना इंडिकेटर का नाहीत. दुसरी म्हणजे रस्त्याच्या कडेला माणसे टाळ्या वाजवत उभी असताना दीडशेच्या वेगाने जाणे हे कुठले शहाणपण. ते वळण आले की हॉर्न देत आणि गर्दी दिसली की गाडी हळू करत. एका शर्यतीत डाव्या हाताला गव्हाचे शेत आहे. त्यातून गाडी घातली की अर्धा रस्ता वाचतो. सगळे तसेच करतात, खेळ बनवणाऱ्यांनी ते शेत त्यासाठीच ठेवले आहे. साडूभाऊ पूर्ण वळसा घालून येत. “उभ्या पिकातून गाडी घालत नसतात,” एवढेच ते म्हणत. शेत कुणाचे, पीक कुणाचे, ते कापणार कोण, असल्या प्रश्नांशी त्यांना कर्तव्य नव्हते. बाकीच्यांचे जिंकून, पाणी पिऊन होई तेव्हा साडूभाऊंची गाडी शेवटच्या रेषेजवळ येई. गाडीला एकही ओरखडा नसे. ती कडेला नीट उभी करायला जागा मिळत नाही, याचेच त्यांना वाईट वाटे.

पण त्यांचा खरा जीव चौघांनी मिळून खेळण्यात. मुलाने फोनवर सांगून पाहिले की इंटरनेटवरून जगातल्या कुणाशीही खेळता येते. साडूभाऊंना ते पटले नाही. ज्याचे तोंड दिसत नाही त्याला हरवले काय आणि त्याच्याकडून हरलो काय, असे त्यांचे मत. त्यांच्या मैफलीत निवृत्त झालेले एक एस.टी. कंडक्टर असत आणि बसस्टँडजवळ रसवंती चालवणारे एक गृहस्थ असत. उरलेला रिमोट सुट्टीत माझ्या मुलीकडे, एरवी जो येईल त्याच्याकडे. मैफलीचा एकच नियम होता: जो जिंकेल त्याने सगळ्यांसाठी चहा करायचा. हरलेला आधीच दुःखात, त्याला वरून कामाला काय लावायचे, हा त्यामागचा विचार. या नियमाने शर्यतीचे काय होत असे ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. उन्हाळ्याचे दिवस, चुलीजवळ जायला कुणी तयार नाही. कंडक्टरसाहेबांची गाडी सगळ्यांच्या पुढे होती, ती रेषेच्या दोन हात अलीकडे थांबली. मागून रसवंतीवाले आले, तेही थांबले. मग माझी मुलगी आली, तिने गाडी त्यांच्या मागे लावली. तिघेही टीव्हीकडे न पाहता पंख्याकडे पाहत बसले. अशी पाच मिनिटे गेली. शेवटी शेताला वळसा घालून, हॉर्न देत, साडूभाऊ आले, या तिघांच्या बाजूने गाडी हळूच काढून पहिले आले आणि आनंदाने चहा करायला उठले. आपल्याला जिंकवले गेले हे त्यांना कळले नव्हते असे मी कितीतरी दिवस समजत होतो. माणसाला ओळखण्यात मी कच्चा आहे.

साडूभाऊ कच्चे नव्हते. त्यांचे म्हणणे असे की माणूस पारखायचा तर त्याच्या हातात रिमोट द्यावा आणि पडला की काय करतो ते पाहावे. कुणी रिमोटला शिव्या देतो, कुणी टीव्हीला, कुणी शेजारी बसलेल्याला. मी रिमोटला दोष देणाऱ्यांपैकी, हे त्यांनी मला माझ्या तोंडावर सांगितले होते. मी चिखलीला शाळेत मास्तर. मुलांना शिस्त लावण्यात तीस वर्षे घालवलेला माणूस. मला ते लागले.

आणि खरे तर मला त्यांची लाज वाटत असे. एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या आजोबांना साळिंदरावरून अर्धा तास बोलण्यात धरून ठेवले होते, आजोबा जेवायचे राहिले होते. तेव्हापासून चारचौघांत त्यांना साडू म्हणताना माझा आवाज आपोआप खाली जाई. मग माझ्या मुलीला वडनेर भोलजीचे स्थळ आले. मुलगा बँकेत, घरची बागायत, माणसे मोजकी बोलणारी. रविवारी पाहुणे येणार ठरले. आमच्याकडे अशा बैठकीत मुलीच्या मोठ्या मावशीचा नवरा पहिल्या खुर्चीवर असतो. मी डोळे मिटले की मला ती खुर्ची दिसे, तीवर साडूभाऊ दिसत, आणि ते मुलाच्या वडिलांना विचारत असत की तुमच्या गावाकडे गाड्यांना इंडिकेटर असतात का. शनिवारी मी त्यांना फोन केला. सांगितले की पाहुण्यांच्या भावकीत सुतक आले, कार्यक्रम पुढे गेला, नवी तारीख कळवतो. बायकोला म्हटले, पाहुण्यांनीच मोजकी माणसे ठेवा म्हणून सांगितले आहे. एका न मेलेल्या माणसाला मारून मी रात्री नीट झोपलोही.

पलीकडून साडूभाऊ हळहळले होते, हे मला आजही आठवते. कोण गेले, वय काय होते, असे विचारत होते. मी म्हटले, चुलते असावेत.

बैठक चांगली झाली. कुणी सशाचे नाव काढले नाही. पाहुणे घरी जाऊन कळवतो म्हणाले आणि मी साडूभाऊंना आज फोन करतो, उद्या करतो, करत राहिलो. साक्षगंधाचे, म्हणजे साखरपुड्याचे, आमंत्रण शेवटी बायकोनेच बहिणीला दिले. पुढे काय झाले ते मला महिन्याभराने साक्षगंधाच्या दिवशी मुलाच्या वडिलांकडून कळले. मांडवात ते माझ्याजवळ बसले होते आणि हसत हसत सांगू लागले. आमच्याकडून गेल्यावर तीन दिवसांनी ते चौकशीसाठी मेहकरला गेले होते. मुलीचे मोठे मावसे तिथे असतात एवढे त्यांना ठाऊक होते. दुकानात जाऊन त्यांनी आपले नाव-गाव सांगितले, तशी साडूभाऊंनी हातातली तार खाली ठेवली, हात पुसले, आणि त्यांच्यासमोर मान खाली घालून बसले. म्हणाले, तुमच्या घरी वाईट झाल्याचे कळले, यायला जमले नाही, मोठा माणूस जाणे म्हणजे घराचे छप्परच जाणे. मुलाच्या वडिलांना काही उमजेना. ते म्हणाले, आमच्याकडे तर कुणी गेले नाही, आम्ही रविवारीच चिखलीला मुलगी पाहून आलो.

“मंग?” मी विचारले.

“मंग काय, एक घडीभर माझ्याकडे पाहत राह्यले. न् म्हणे, अरे हो, ते दुसरेच पाहुणे. माझाच घोळ झाला, वय झालं आता. मीच त्या दिवशी कामात अडकलो, मास्तरनं बलावलं होतं मले.” मुलाचे वडील पुन्हा हसले. “मजेदार माणूस आहे तुमचा साडू. घरी नेलं, रिमोट दिला हातात. मी पहिल्याच खड्ड्यात पडलो.”

मी त्यांना विचारले की साडूभाऊ मुलीबद्दल काय म्हणाले. कारण चौकशी त्यासाठीच होती, आणि त्या एका घडीत माझ्या मुलीचे लग्न त्या काळ्या हातांत होते. बाप खोटारडा आहे, एवढे तीन शब्द पुरले असते. ते शब्द खरेही होते.

“ते म्हणे, हे पोरगी लहानपणापासून माझ्याजवळ खेळते. पडली तं रिमोट आपटत नाही, कोणाले बोल लावत नाही, हसते न् पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. आम्ही जमीन पाहू, शिक्षण पाहू, पण असं कोण सांगते हो? घरी आलो न् बायकोले म्हटलं, पक्कं करून टाक.”

साडूभाऊ त्या वेळी मांडवात पहिल्या खुर्चीवरच बसले होते. माझ्याकडे पाहून त्यांनी हात हलवला. मीही हलवला. लग्न झाले, मुलगी वडनेरला गेली, आणि चार महिने मी काही बोललो नाही, त्यांनीही विचारले नाही. लोक म्हणतात खोटे पचत नाही. माझे तर पचले होते. पचवले दुसऱ्याने होते, हेच खुपत होते. चिखलीहून मेहकरला जाणाऱ्या बसमध्ये मी दोनदा बसलो आणि दोन्हीदा वाटेतच हिवरा आश्रमाला उतरून परत फिरलो. तिसऱ्यांदा उतरलो नाही.

रविवार होता. रसवंतीवाले आणि कंडक्टरसाहेब अजून यायचे होते. साडूभाऊ एकटेच सशाला घेऊन काठावर उभे होते, दगड वर-खाली होत होता. मला पाहून त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला परत फिरावेसे वाटले. बाजूला सरकून त्यांनी जागा केली. आता पोरीचा रिमोट रिकामाच पडून असतो म्हणाले, ती फोनवर वडनेरहून सांगत असते की मावसाजी, मी आली की ती लेव्हल खेळू, तोवर पुढे जाऊ नका. म्हणून ते गेले चार महिने त्याच एका खड्ड्याशी थांबले होते. जाता येत होते, तरी जात नव्हते. सांगताना ते टीव्हीकडे पाहत होते. त्यांचा उजवा अंगठा सुजल्यासारखा दिसला. केस या उन्हाळ्यात बरेच पांढरे झाले होते.

मी म्हटले, “भाऊसाहेब, सुतकाचं बोलायचं होतं.”

“जाऊ द्या ना मास्तर,” ते घाईने म्हणाले. “पोरगी सुखात आहे ना? झालं मंग. मले काहीच वाटलं नाही. बसा, पाणी आणतो.” आणि ते खरेच उठू लागले. मी काही बोलण्याआधीच त्यांनी मला मोकळे करून टाकले असते, आणि मी त्या मोकळेपणात पाणी पिऊन घरी आलो असतो. मी त्यांचा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदाच धरला असेन.

“पाणी नको. बसा न् ऐकून घ्या,” मी म्हटले. “कोणी मेलं नव्हतं. मी खोटं बोललो. मले तुमची लाज वाटत होती, म्हणून तुम्हाले बलावलं नाही. तुमची खुर्ची होती ते. चूक माझी आहे भाऊसाहेब, दुसऱ्या कोणाचीच नाही. मले माफ करा.”