खोडलेला आकडा

टेकडीवरच्या हवामापन केंद्रात त्याला सगळे ‘नाकसाहेब’ म्हणायचे. सव्वीस वर्षं एकाच खोलीत, एकाच फिरत्या खुर्चीत बसून त्याने शहराची हवा मोजली. गाड्यांचा धूर असला की कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड जोडीनं चढतात; लांबचं जंगल जळत असलं की पहिला एकटाच वर जातो, दुसरा फारसा जागचा हलत नाही. हे ओळखण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

पण एकदा त्याचा पार पोपट झाला. वणव्याचा धूर म्हणून त्याने शहरभर इशारा द्यायला लावला, आणि निघालं काय, तर केंद्रामागे पहारेकऱ्यानं धुमसत ठेवलेला ओला पालापाचोळा! शाळा बंद, बाजार बंद, वर वर्तमानपत्रात व्यंगचित्र. त्यानंतर वरून नियमच आला: उपग्रहाच्या चित्रात वणवा दिसत नसेल, तर असा आकडा ‘स्थानिक दोष’ म्हणून खोडायचा. ऑफिसात रोज कुणीतरी विचारायचंच, “काय नाकसाहेब, आज कुठलं जंगल पेटलंय?” ताईकडे गेला, तर भाऊजीही जेवताना तेच विचारायचे. पंचवीस वर्षांचं बरोबर कुणाला आठवत नाही, एक चूक मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

त्या दिवशी आभाळ गच्च होतं. अकराला कार्बन मोनॉक्साइड चढायला लागलं, एकपर्यंत तिप्पट झालं. नायट्रोजन ढिम्म. तो स्वतः केंद्राभोवती चक्कर मारून आला. कुठे साधी काडीही पेटलेली नव्हती. त्याने साहेबांना फोन लावला.

“उपग्रहात काय दिसतंय?” साहेबांनी विचारलं.

“ढग आहेत साहेब. खालचं काही दिसतच नाहीये.”

“नाही ना दिसत? मग पुन्हा शोभा करून घ्यायचीय का?”

त्याने आकडा खोडला. पत्रकात ‘हवा चांगली’ आलं, खाली त्याची सही. निदान ताईला तरी सांगावं म्हणून त्याने फोन काढला. ताईची फुफ्फुसं जेमतेम अर्धी उरली होती. भावाचं पत्रक मोबाइलवर बघितल्याशिवाय ती खिडकी उघडायची नाही. पण फोन भाऊजींनी उचलला तर? ते काय म्हणतील, ते त्याला आधीच ऐकू आलं. त्याने फोन खिशात टाकला.

चारच्या सुमाराला वारा फिरला आणि धूर खालच्या वस्तीत उतरला, तेव्हा ताई उघड्या खिडकीशी झोपली होती. चौथ्या दिवशी दवाखान्यातच तिनं प्राण सोडला.

तोवर ढग हटले होते आणि उपग्रहालाही वणवा दिसला होता. “तो आकडा परत घाल,” साहेब म्हणाले, “परिषदेत दाखवायला छान आहे.” त्याने घातला.

आठवड्यानं भाऊजी त्याच्याशेजारी येऊन बसले. एरवी चेष्टेशिवाय न बोलणारा माणूस, पण त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या यंत्राला कळलं असतं, तर तू तिला फोन केल्याशिवाय राहिला असतास का?”

“नसतो राहिलो,” तो म्हणाला.