पहिला मालक

जुनी गाडी बघायला गेल्यावर गजा ठोंबरे आधी बॉनेट उघडत नसे. टायरला लाथही मारत नसे. मालकाच्या तोंडाकडे बघून एवढंच विचारायचा, "का विकता?" आणि मालक, मग तो खोपोलीच्या कारखान्यातला असो की कर्जतचा किराणावाला, ठरलेलं उत्तर द्यायचा. मोठी घ्यायची आहे.

हे उत्तर त्यानं पहिल्यांदा ऐकलं ते भिवपुरीला, वीजकेंद्राच्या क्वार्टर्समध्ये. तिथले एक साहेब आपली निळी फियाट विकत होते. गजाचं लग्न नुकतंच झालं होतं. भाताची शेती थोरला भाऊ बघायचा आणि याला हातात स्टिअरिंग हवं होतं. "ही लहान पडते आता, मोठी घ्यायची आहे," साहेब म्हणाले. गजानं मान डोलावली आणि गाडी पळसदरीला घरी आणली, भाड्यानं चालवायला. पावसाळा सरल्यावर त्याच क्वार्टर्समधली एक वर्दी मिळाली. शेजारी बसलेल्या बाईंनी सीटवरून हात फिरवला आणि त्या म्हणाल्या, "ही सावंतांची ना? मुलगी गेली तेव्हापासून ते गाडीकडे बघत नव्हते. तिला चालता यायचं नाही, तिच्यासाठीच घेतली होती."

गजानं घरी येऊन बायकोला सांगितलं. सोनुबाई तांदूळ निवडत होती.

"म्हंजे मोठी घेतलीच नाय त्यांनी?"

"दोन माणसांना मोठी कशाला लागतीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बादली घेतली, मागची सीट उचलली आणि कोपऱ्याकोपऱ्यातून हात फिरवला. लहान मुलीच्या मनगटाची एक हिरवी बांगडी निघाली. ती तिला फेकवेना, घरात ठेववेना. बाजाराला गेली तेव्हा तिनं ती उल्हास नदीच्या पाण्यात सोडली.

पुढं तो रिवाजच झाला. फियाट गेली, ओम्नी आली, ओम्नीनंतर सुमो. एकही कोरी नव्हती. ओम्नीत वाळलेला गजरा आणि दवाखान्याच्या नंबराची चिठ्ठी सापडली. सुमोत मूठभर चिंचोके आणि अर्धी कवळी निघाली. कवळी पाहून दोघं पोट धरून हसले, मग सोनुबाईनं तीही नदीवर नेली. ज्याचे दात ते माणूस आता काय खात असेल, या विचारानं तिला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

गजाचं एक मत होऊन बसलं होतं. घरात काही मोडल्याशिवाय गाडी बाजारात येत नाही. आपण चालवतो ते लोकांचं मोडलेलं. कर्जत स्टेशनबाहेर गाड्या लावणारे सगळे हे मत ऐकून होते. त्यांच्यातला विठू म्हणायचा, "गजा, तुज्या गाडीत बसलं ना, की कुणाच्या तरी तेराव्याला आल्यावानी वाटतं रं." गजा हसायचा. कोंडाण्याच्या लेण्यांना जाणारी पोरं आली की त्यांच्या पिशव्या टपावर टाकायचा आणि निघायचा. त्याचं पोट त्याच गाड्यांवर भरत होतं. इंजिनाचा आवाज पायाला लागला की कुठं काय ढिलं झालंय ते त्याला कळे. जुन्या गाडीला सांभाळून घ्यावं लागतं, आणि सांभाळून घेण्यातच त्याचं आयुष्य गेलं.

सोनुबाईचं मागणं एकच होतं. लेकीच्या, रुचिताच्या, लग्नात गजानं पाठवणीसाठी दुसऱ्याची कोरी गाडी सांगून आणली. मुलीला लोकांच्या दुःखात बसवून धाडायचं नाही म्हणाला. त्या संध्याकाळी रिकाम्या मांडवात सोनुबाई म्हणाली, "पोरीचं झालं. मी पन कदी बसंन का हो, जिच्यात आदी कुनी बसलं नाय अशा गाडीत?"

"बसशील."

"म्हातारी झाल्यावर नको. दात हायत तवर."

त्यानंतर बरीच वर्षं काही झालं नाही. आणि मग गजाला सुमोची पुढची काच खराब झालीय असं वाटू लागलं.

तिन्हीसांजेला समोरून दिवे आले की काचेवर धूर पसरल्यासारखं व्हायचं. वायपर घासून घासून काचेला ओरखडे पडले असणार. त्यानं काच बदलली. मग दिव्यांना जोर नाही असं वाटलं, म्हणून बल्ब बदलले. डावा आरसा दर दोन वळणांना हलवून बसवायचा, तरी सायकलवाला आरशात न दिसता एकदम दाराशी उगवायचा. जुनी गाडी, आरशाचा दांडाच वाकलेला असेल.

"काच बदललीस, बल्ब बदललेस," विठू म्हणाला. "आता डायवर बदल."

"गाडीच बदलतो."

गाडीचा दोष ओळखण्यात त्याची हयात गेली होती. दोष आहे म्हटल्यावर तो गाडीतच असणार, दुसरीकडे कुठं असू शकतो हे त्याच्या मनातही आलं नाही. खोपोलीच्या रस्त्याकडची, त्याच्या वाट्याची शेताची पट्टी एक फार्महाऊसवाला कधीपासून मागत होता. गजानं ती दिली आणि पांढरी, कोरी गाडी घेतली.

चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. सोनुबाईनं सवयीनं सीटखाली हात घातला, तळापर्यंत फिरवला आणि बाहेर काढून गजासमोर धरला.

"काय नाय," ती म्हणाली. "बगा की. कायसुद्दा नाय."

तिच्या तोंडावर जे होतं ते गजाला पुरतं दिसलं. समोरचं त्याला अजून दिसत होतं.

त्याच संध्याकाळी तो एकटाच कर्जतच्या चार फाट्याकडे चक्कर मारायला निघाला. गाडी आवाज करत नव्हती. पायाला काही लागत नव्हतं, जणू आपण चालवतच नाही. वळणावर डाव्या बाजूनं एक मोटारसायकल घासता घासता वाचली आणि वरचा पोरगा शिवी देऊन गेला. गजानं गाडी कडेला घेतली. आरसा नीट होता. काच कोरी होती. दिवे लख्ख होते. आणि डाव्या अंगाला सुमोत होता तेवढाच अंधार होता.

मग त्यानं डावा हात कानाजवळ नेला आणि समोर बघत सावकाश पुढं आणला. हात पुष्कळ पुढं येईपर्यंत दिसला नाही. उजवाही तसाच.

खोपोलीच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. बाजूची नजर गेली ती परत येणार नाही. उरलेली टिकवायला थेंब घालायचे, जन्मभर. "गाडी चालवता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"चालवायचो," गजा म्हणाला, आणि गाडी चालवत घरी आला. वाटेत विकलेल्या पट्टीभोवती आता उंच भिंत उठली होती. ती डाव्या अंगाला होती म्हणून त्याला दिसली नाही. दिलासा म्हणावा असा त्या दिवशी तेवढाच होता.

त्यानं घरी सांगितलं नाही. सांगायचं काय, की गाडी चांगली होती, मीच जुना निघालो? थेंबांची बाटली तो गाडीच्या कप्प्यात ठेवायचा. वर्द्या कमी केल्या. नव्या गाडीला लोक चिखल लावतात म्हणायचा. पण सोनुबाईला घेऊन जावंच लागे. ती पुढच्या सीटवर पदर सावरून बसायची. सुरुवातीला दुकानं बघायची, डोंगर बघायचा, मग हळूहळू तिनं डोंगर बघणं सोडलं.

"म्हस हाय," ती म्हणायची. सहज बोलल्यासारखं.

थोड्या वेळानं, "पोरगी चाललीय बगा दप्तर घिऊन."

"दिसतीय," गजा म्हणायचा आणि ब्रेकवर पाय ठेवायचा.

ती कधीच विचारत नसे. तो कधीच सांगत नसे. जन्मभर वाट पाहून मिळालेल्या सीटवर बसून ती रस्त्याची राखण करत होती. या गाडीत आधी कुणी बसलं नव्हतं, पण त्या दोघांमध्ये काहीतरी येऊन बसलं होतं, आणि दोघंही त्याला धक्का लागू नये अशा बेतानं बोलत होती.

मे महिन्यात कोंडाण्याच्या रस्त्याला तेही संपलं. सोनुबाईचा डोळा क्षणभर लागला होता. धप्प असा बारीक आवाज झाला. डोंगरातल्या वाडीवरची जना, करवंदांची पाटी घेऊन बाजाराला निघालेली म्हातारी, रस्त्याच्या कडेला बसकण मारून होती आणि पाटी उपडी झाली होती. आरसा पाटीला लागला होता, तिला नव्हता.

गजा उतरला. हात जोडले. जना लुगडं झटकत उठली.

"दिसत नाय का रं तुला?"

तो उकिडवा बसला आणि करवंदं वेचू लागला. समोरची वेचून झाली तसा थांबला.

"हितं रायली की," जना म्हणाली. "आरं, तुज्या पायापाशी."

त्यानं हात चाचपडत बाजूला नेला. करवंदं हाताच्या इकडेही होती, तिकडेही होती, आणि हात मधल्या धुळीत फिरत होता. म्हातारी त्याच्या डोळ्यांकडे बघू लागली. आता सोनुबाई दार उघडून उभी होती आणि बघत होती. तिनं येऊन त्याचा हात धरला, करवंदांवर नेऊन ठेवला, आणि मग स्वतःच सगळी वेचली.

जनाला त्यांनी मागच्या सीटवर बसवून बाजारात सोडलं. सोनुबाई वाटभर मोठ्यानं सांगत होती. खड्डा. टेंपो. डावीकडं माणूस. आता लपवायचं काही उरलं नव्हतं. घरी आल्यावर गजानं किल्ली तिच्या हातात दिली.

"कदीपास्नं?" तिनं विचारलं.

"सुमोपास्नं."

"मंग ही कशाला घेतली?"

"काच खराब हाय असं वाटलं."

नंतर कितीतरी दिवस गाडी ताडपत्रीखाली होती. गजा दुपारी आत जाऊन बसायचा, स्टिअरिंगवर हात ठेवून. कोरेपणाचा वास उडून गेला होता.

गणपती झाल्यावर गाडी बघायला खोपोलीहून देवेश आला, कारखान्यात कामाला असलेला तरुण, बरोबर बायको अपेक्षा. सोनुबाईनं आदल्या दिवशीच सीटा उचलून, पुसून ठेवल्या होत्या. आपलं काही मागं राहू नये म्हणून थेंबांची बाटली, रुमाल, तिचा चाप, सगळं काढलं होतं. देवेशनं टायरला लाथ मारली, बॉनेट उघडलं, बंद केलं. किलोमीटर बघून त्याला नवल वाटलं.

"काका, एवढी कोरी गाडी. का विकता?"

गजा समोर बघत होता. समोर देवेशचं तोंड होतं, स्वच्छ, कुठं काही मोडलेलं नसलेलं. या क्षणी खरं सांगितलं असतं तर काही बिघडलं नसतं. गाडीच्या किमतीतही फरक पडला नसता. पण त्याला भिवपुरीचे साहेब आठवले, दाराच्या चौकटीत उभे, आणि आज पहिल्यांदा कळलं की ते खोटं बोलले नव्हते. त्या माणसाला दुसरं वाक्यच सुचलं नसणार.

"मोठी घ्यायची हाय," तो म्हणाला.

सोनुबाई आत निघून गेली.

अपेक्षा मागच्या सीटवर जाऊन बसली होती. फटीत बोटं घालून तिनं काहीतरी बाहेर काढलं, सुकलेलं, काळं. "करवंद आहे वाटतं," ती म्हणाली, खिडकीतून टाकून दिलं आणि बोटं ओढणीला पुसली.

ती दोघं गाडी घेऊन निघाली तेव्हा गजा ओट्यावर उभा होता. फियाट गेली तेव्हा तिचा आवाज रेल्वेच्या फाटकापर्यंत ऐकू आला होता. सुमोचा त्याहून लांब. आता तो कान देऊन होता आणि ऐकायला काहीच नव्हतं.

"गेली का गं?" त्यानं विचारलं.

"कवाच," सोनुबाई आतून म्हणाली.