गटात अडकलेला जीव

ओल्या दर्भाचा, काळ्या तिळांचा आणि निवत चाललेल्या भाताचा मिळून एक वास असतो. तो शोकाचा म्हणावा, तर त्यात भुकेची एक निर्लज्ज छटा असते. बाबांच्या दहाव्याला, बेंगळूरच्या एका तलावाकाठी, कोवळ्या उन्हात मी उघड्या अंगाने हात जोडून उभा होतो, आणि दुःखाच्या अगदी शेजारी माझ्या मनात इडलीचा विचार येत होता. मृत्यूच्या इतक्या जवळ उभं राहूनही देह आपला हट्ट सोडत नाही, याचं तुम्हांला कधी नवल वाटलं आहे का?

समोर दगडी कट्ट्यावर पिंड, वर पिंपळाच्या फांदीवर कावळा. कावळा पिंडाला शिवला, की गेलेल्या माणसाची कुठलीही इच्छा मागे उरली नाही, असं आमच्याकडे मानतात. नाही शिवला, तर ती इच्छा ओळखून, पुरी करण्याचं वचन मोठ्याने द्यायचं. पुस्तकांत वाढलेला मी या साऱ्याकडे जरा दुरूनच पाहणारा. पण आई हट्टाने घाटावर आली होती, आणि तिची नजर त्या फांदीवरून हलत नव्हती. कावळा न शिवता आम्ही घरी परतलो असतो, तर ‘त्यांचं काय राहिलं असेल’ या एकाच प्रश्नात तिने उरलेलं आयुष्य काढलं असतं.

काय राहिलं होतं, ते मला ठाऊक होतं. आणि तीच अडचण होती.

बाबा तरुणपणी कारखान्याच्या फुटबॉल संघात बचावफळीत खेळत. पुढे गुडघ्याने खेळ सोडला, मनाने नाही. सारं शहर क्रिकेटच्या धावा मोजत असताना बाबा त्या वर्षी फुटबॉलच्या विश्वचषकाची पात्रता फेरी जगत होते. आपला देश एका गटात पडला होता, आणि त्या गटातले बाकीचे देश बाबांना नव्याने जडलेल्या सोयऱ्यांसारखे वाटू लागले होते. अमका आखाती देश तोंडावर गोड पण विश्वासाचा नाही, तमका पूर्वेकडचा देश श्रीमंत आणि उर्मट, आणि तिसरा बिचारा आपल्यासारखाच, फाटका पण मानी! जेवताना ते या सोयऱ्यांची उणीदुणी काढत, आणि आई आमटी वाढता वाढता म्हणे, “आपल्याला मुलगी द्यायची आहे का तिथे?”

गट पुढे सरकत गेला तशी आपली आशा आपल्या पायांतून निघून दुसऱ्यांच्या पायांत गेली. आपण शेवटचा सामना जिंकायचा, आखातवाल्यांनी हरायचं, तेही दोन गोलांच्या फरकाने. ज्या देशाचं नाव आईला कधी नीट उच्चारता आलं नाही, त्याच्या गोलरक्षकाला ऐन वेळी सर्दी झाली तर आपलं भाग्य उजळणार होतं! आशा ही किती परावलंबी आणि तरीही किती राजस असते! बाबा त्या जर-तरच्या धाग्यांवर सुखाने झोके घेत होते. आणि शेवटच्या सामन्याच्या आदल्या दुपारी, आरामखुर्चीत, डोळे मिटून, गेले.

निकाल सुतकात आला. वर्तमानपत्रात क्रिकेटच्या भल्यामोठ्या बातमीखाली तो असा कोपऱ्यात बसला होता, जणू लग्नघरी न बोलावता आलेला पाहुणा. आपण हरलो होतो. मी पेपर घडी करून गादीखाली सरकवला. दुःखाच्या घरात आणखी एक दुःख कशाला? पण बाबांचे मैदानावरचे जुने सोबती भेटायला येत, ओसरीवर बसत, आणि लांब सुस्कारा टाकून “फार वाईट झालं” म्हणत. ते बाबांविषयी म्हणत की गटाविषयी, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

तर, कावळा. शेजारच्या कट्ट्यावर दुसऱ्या कुणाचं दहावं होतं. तिथे पिंड ठेवताच कावळ्यांची झुंबड उडाली. त्या गृहस्थांना बहुधा कशातच रस नव्हता. आमच्याकडे मात्र शांतता. मग वेंकोबामामा, आईचा धाकटा भाऊ, चिकपेठेतला कापडवाला, पुढे सरसावला. गिऱ्हाइकासमोर कापड उलगडावं तशी त्याने वचनं उलगडली. “भावोजी, नातीचं लग्न थाटात करू! अक्काला काशीला नेऊ! गळकं छप्पर बदलू!” कावळ्याने चोच फांदीला पुसली.

“मामा, इथले कावळे मराठी कुठले?” सेल्वराजकाका गंभीरपणे म्हणाले. ते बाबांच्याच संघातले गोलरक्षक, आमच्या गल्लीत राहून आमच्याइतकंच मराठी बोलणारे. “कन्नडात बोलवा.”

मामाने तेही केलं. “बारप्पा, बा, बा!” दोन्ही हात पसरून तो असा आर्जवाने बोलावू लागला, की शेजारच्या सुतकातली माणसं तोंडावर उपरणं धरून हसली.

“स्वल्प तडीरी, जरा थांबा,” शास्त्रीबुवा म्हणाले. घड्याळ त्यांनाही होतं. मग म्हणाले, “नाहीतर दर्भाचा कावळा करून शिववू या. शास्त्रात सोय आहे.”

“नको,” आई म्हणाली. “त्यांना लबाडीचा गोल कधी चालला नाही.”

बाबांना अण्णा म्हणणाऱ्या सेल्वराजकाकांनी माझ्याकडे पाहिलं. “अण्णांचा जीव गटात अडकलाय. तुम्हांला कळतं की.”

मामाला तेवढंच पुरे होतं. “भावोजी!” तो गरजला, “भारत विश्वचषकाला जाणार! माझं वचन!” कावळा, जो नेमका तेव्हाच एक फांदी खाली उतरला होता, पंख फडकावून थेट शेंड्यावर जाऊन बसला.

आता साऱ्यांचे डोळे माझ्यावर. थोरला मुलगा म्हणून वचन माझंच खरं. पण मी कसलं वचन देणार? संपलेला गट पुन्हा मांडता येतो का? आणि खरं बोलावं, तर आईच्या देखत, याच क्षणी, बाबांच्या शेवटच्या आशेवर माती लोटायची!

तेवढ्यात आईने पदर खांद्यावर घेतला आणि ती कट्ट्याजवळ गेली. स्वयंपाकघरातून माजघरात बोलावं तितक्याच आवाजात ती म्हणाली, “अहो, ऐकलंत का? आपण हरलो. गट संपला.”

तिने माझ्याकडे बोट केलं. “पेपर याने गादीखाली लपवला, पण गादी मीच झाडते ना! पहिला गोल आपलाच होता. मग पाय दमले पोरांचे. आखातवाले तरी कुठे हरले? तुम्ही म्हणत होता तसं काहीच झालं नाही.” तिने फांदीकडे पाहिलं. “आता वाट बघू नका.”

कावळा उतरला. घाई न करता, एखाद्या पोक्त माणसासारखा दोन उड्या मारत तो पिंडापाशी आला आणि त्याने भातात चोच घातली. मामा रडू लागला. शास्त्रीबुवांनी डोळे मिटून हात जोडले, मग हळूच एक उघडून घड्याळ पाहिलं.

त्या पाखराला भूक लागली होती, असं माझी पुस्तकं सांगतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पण इतकं मला त्या सकाळी कळलं, की आपण गेलेल्यांना वचनं देत बसतो, आणि त्यांना कदाचित नुसता निकाल हवा असतो. आणि तो सांगायचा अधिकार त्याचाच, ज्याने वर्षानुवर्षं आमटी वाढता वाढता, लक्ष नसल्याचं दाखवत, सगळं ऐकून घेतलं.

परतताना रिक्षात आई मधे बसली होती, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सेल्वराजकाका. मग काकांकडे वळून तिने विचारलं, “पुढच्या खेपेला आपल्या गटात कोण कोण आहेत?”

काका गडबडले. “अजून चिठ्ठ्या पडल्या नाहीत, अक्का. वेळ आहे.”

“सरी, बरं,” आई म्हणाली. “पडल्या की मला सांगा.”