‘उद्या’चं नाव नाही काढायचं

मी बडोद्यातल्या तरसालीचा, पण नोकरी भर समुद्रात, तेलविहिरीच्या प्लॅटफॉर्मवर. चौदा दिवस तिथं, चौदा दिवस घरी, ने-आण हेलिकॉप्टरनं. आमच्यात एक पथ्य होतं. ‘उद्या घरी जाणार’ असं तोंडातून काढायचं नाही. काढलं की वारा सुटतो आणि हेलिकॉप्टर रद्द! हसा खुशाल, पण भलेभले इंजिनियरसुद्धा पाळायचे. कुणी विचारलंच तर उत्तर एकच, ‘बघू.’

या पथ्याचे फौजदार म्हणजे देवगडचे क्रेनवाले काका. नवख्याच्या तोंडून चुकून निघालं, की त्याला जेवणघरात उभं करून समुद्राची तीनदा माफी मागायला लावत.

माझ्या लेकीचा साखरपुडा रविवारी निजामपुऱ्यात होता. शुक्रवारी जेवताना बायकोचा फोन आला.

"कधी निघताय?"

काका पोळी मोडता मोडता माझ्याकडेच बघत होते. म्हटलं, "बघू."

"बघू काय बघू? लेकीचा साखरपुडा आहे! तुम्ही पाहुणे आहात का?"

"अगं, म्हणजे... बघू ना."

आम्हा बडोदेकरांचा फोन ‘आवजो’, म्हणजे ‘या हं’, म्हटल्याशिवाय संपत नाही. हिनं तसाच आपटला. अख्खं जेवणघर खो खो हसत होतं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एवढं पाळून काय उपयोग? तेवढ्यात रेडिओवाला यादी घेऊन आला. उद्या वारा जोराचा, हेलिकॉप्टर हलकं हवं, एक माणूस कमी करायचा. यादीत शेवटचं नाव माझं. म्हणजे गळणार मीच.

काका उठले. ताटावर चमचा वाजवून ओरडले, "ऐका रे! मी उद्या घरी जाणार!"

मग रेडिओवाल्याकडे वळून म्हणाले,

"मोडला नियम. आता मी बसलो तर ते उडायचं नाही. माझं नाव कापा, या बडोदेकराचं ठेवा."

मी म्हटलं, "काका, तुमचे आंबे उतरवायचेत ना?"

"आंबे गडी लावून उतरतील. साखरपुड्याला बाप काय भाड्यानं आणणार आहेस?"

रविवारी साखरपुड्याच्या हॉलमधून मी काकांना फोन लावला. आदल्या दिवशी घरी पोचल्यावर बायकोला सगळी हकिकत सांगितली होती. तिनं फोन माझ्या हातातून ओढून घेतला.

"काका, तुम्ही कधी निघताय?"

पलीकडे जेवणघराचा गलका. काका म्हणाले, "बघू, सूनबाई."

या वेळी ती चिडली नाही. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "बरं काका. आवजो."