सरांचा आवाज आन चिनी म्हातारा

बीडचा माणूस लिहितोय म्हणल्यावर तुमी काय धरून बसले असताल ते मला ठाऊक हाय. कोयता येईल, उसाचा फड येईल, टँकरमागं पळणाऱ्या बाया येतील, मग पांढऱ्या गाडीतून एखादा पुढारी उतरंल आन त्याच्या मागच्या पोरांच्या कमरेला काहीतरी खोसलेलं असंल. ते सगळं हाय आमच्याकडं, न्हाई म्हणत न्हाई. माझे आई-बाप मी हे लिहितोय तवाबी कर्नाटकात ऊसच तोडायलेत. पण आज त्यातलं काय मिळणार न्हाई. आज चीन हाय. चीन म्हणल्यावर पुन्हा मोबाईल न्हाई का कुंगफू न्हाई. दोन म्हातारे, एक फाटकं पुस्तक, आन त्यायच्या मधी बसून घसा सोललेला मी.

मी नकला करतो. लग्नात, वाढदिवसाला, गणपतीत. घाटनांदूरला एका हळदीत नवरदेवाच्या मामाची नक्कल केली तर मामा ताटावरून उठून गेला, आन तिथून माझं नाव झालं. पण खरं काम निवडणुकीत. ह्या वेळेला आमच्या ग्रामपंचायतीला दोन्ही पॅनलनी प्रचाराची रेकॉर्डिंग माझ्याकडूनच करून घेतली. सकाळी ह्यायच्यासाठी करडा आवाज, दुपारी त्यायच्यासाठी गोड आवाज. एक दिवस सिरसाळ्याच्या बाजारात भोंग्याच्या दोन रिक्षा समोरासमोर अडकल्या आन मीच मला भर चौकात जाब विचारत बसलो. लोक पोट धरून हसले. मला हसू आलं न्हाई. इतका बेजार झालतो, की तोंड धुतानाबी कोणत्या पॅनलचं तोंड धुवायलोय असं वाटायचं.

पहिली नक्कल मात्र सरांची. सर आमाला इतिहास शिकवायचे. आवाज कसा, तर कोरड्या विहिरीत रिकामी बादली सोडावी तसा. खाली जाऊन आपटायचा आन मग घुमत वर यायचा. वाक्याच्या आधी 'हं, तर', आन वाक्य संपलं की वर्गावर नजर, कोण जागं हाय ते बगायला. आठवीत त्यांनी मला त्यायचीच नक्कल करताना पकडलं. मारलं न्हाई. फळ्यापाशी उभं केलं आन म्हणले, आजचा धडा तूच घे. पूर्ण तास मी सरांच्या आवाजात शिकवलं, आन सर माझ्या बाकावर बसून माझ्यासारखंच खिडकीबाहेर बगत बसले. पोरं हसून मेली. तवापासून मी सरांचं तोंड बगत आलो. कोणत्या अक्षराला ओठ कुठं जातेत, कडंचा तुटका दात कवा दिसतो, सगळं.

पुस्तक सरांला रिटायर झाल्यावर भेटलं. परळीत रेल्वेला उशीर व्हता म्हणून रद्दीच्या दुकानात शिरलते. वर थर्मलच्या राखेचा थर, तो परळीत कशावरबी असतो, आन पुढची पानं वाळवीनं खाल्लेली. म्हणून त्या पुस्तकाला नाव न्हाई, लिहिणाराबी न्हाई. एवढंच कळतंय की कोणीतरी चिनी म्हातारा लई जुन्या काळी, राज्य कसं करावं आन माणसानं कसं ऱ्हावं, याच्यावर थोडं थोडं बोलून गेलाय. आन कोणीतरी त्याचं इतकं जड मराठी केलंय की त्याच्यापेक्षा चिनी बरं. सर आन मालक रोज संध्याकाळी त्यातलं एक पान घ्यायचे आन अर्थ लावायचे. अर्थ लावायचे म्हंजे भांडायचे.

मालक म्हंजे सरांचे शाळेपासूनचे दोस्त. शेजारच्या वस्तीवर त्यायची जमीन, घराण्यात पाटीलकी. दोन्ही डोळे ऑपरेशन केलेले, तरी स्कुटीवर येतेत. बाजूला व्हायचं काम रस्त्यातल्या लोकायचं.

त्या चिनी म्हाताऱ्याचं एक म्हणणं सारखं येतं, काही न करता करणं. कोणतंबी पान काढा, फिरून गाडी तिथंच. आन हे दोघं तिथून निघायचे ते थेट निजामाच्या शेवटच्या दिवसांत. तवा मालकाचे आजोबा गावचे पाटील. त्यांनी गावाला सांगितलं, कोणी कुठं जायचं न्हाई, कोणाच्या बाजूनं बोलायचं न्हाई, आपापल्या घरात कडी लावून बसा. गाव बसलं. एकच माणूस लढायला गेला, सरांचा चुलता. तो परत आला न्हाई. चुलत्याचा विषय सर कधी काढायचे न्हाईत आन मालकबी काढायचे न्हाईत. पण सगळं भांडण त्याच्याच भवती फिरायचं, हे आमच्या गल्लीतल्या कुत्र्यालाबी माहीत.

मालकाचं म्हणणं, हेच ते न करणं. आपण रानात दारं धरतो, तसं. वाफ्याचं दारं फोडून दिलं की माणूस बाजूला उभा ऱ्हातो, पाणी आपल्या आपण जातं. मधी उगंच फावडं घातलं की चिखल. आजोबा बाजूला उभे ऱ्हायले म्हणून गाव वाचलं. त्याच्यावर सर म्हणायचे, पण आधी दारं फोडावं लागतं ना बे, तुझ्या आजानं फावडं उचललंच न्हाई. भिऊन बसला, त्याला चिनी नाव देऊ नको.

मग तिथून आत्ताच्या राजकारणावर. आताबी आमच्याकडं चौकात कोणी कोणाच्या विरोधात बोलत न्हाई. मोबाईलवर बोलतेत आन पाठवलेलं पुसून टाकतेत. मालक म्हणणार हे शहाणपण, सर म्हणणार हे भ्या. चीन, निजाम, ग्रामपंचायत, असा रोजचा फेरा व्हायचा. आन जाताना स्कुटीला चावी लावून मालक रोज एकच मागायचे, एकदा म्हण मास्तर, माझ्या आजानं बरोबर केलं. एकदाच म्हण, मी मरायला मोकळा. सर म्हणायचे, मग तर मुळीच म्हणत न्हाई.

मागच्या साली सरांच्या गळ्यात गाठ निघाली. तंबाखू. लातूरला ऑपरेशन झालं, त्यात आवाजाची पेटीच काढून टाकावी लागली. गळ्याला भोक, त्याच्यावर पांढरं फडकं. ओठ हलतेत, जीभ हलती, आवाज न्हाई. घरी आणल्या आणल्या मालक आले. सर बोलले, मालकाला ओठ नीट दिसंनात, काही कळंना. मग मालक प्रत्येक गोष्टीला हो म्हणाया लागले. सर चिडून काहीतरी म्हणायचे, आन मालक मान हलवून, हो हो मास्तर, खरंय तुझं. आठ दिवस हेच. सरांनी जेवण सोडलं.

सरांच्या बायकोला आमी काकू म्हणतो. त्यांनी मला बोलवून घेतलं. भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बगता म्हणल्या, "त्यायला हो म्हणणारं माणूस नको झालंय. मरायला टेकलेल्या माणसाला लोक हो म्हणतेत, हे त्यायच्या डोक्यात बसलंय. तुला म्हणं त्यायचं तोंड वाचता येतं. मग बोल त्यायच्या वतीनं."

मी बाजंवर सरांच्या पायथ्याला बसलो. समोर प्लास्टिकच्या खुर्चीत मालक, बशीत चहा. सरांचे ओठ हलले आन खरं सांगतो, मला आवाज ऐकू आला. तोच विहिरीतला. मी तो फक्त बाहेर काढला. "हं, तर. पाटलाच्या, आठ दिवस हो हो करायलास. म्हंजे तुझा आजा भित्रा व्हता हे मानलंस का?"

मालकाच्या हातातला चहा बशीतून सदऱ्यावर. मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली आन अशी एक शिवी हासडली की काकूंनी आतून भांडं आपटलं. सरांच्या डोळ्यांतून पाणी यायलं, आन खांदे हसताना हलतेत तसे हलायले. त्या दिवशी सर पोटभर जेवले.

सुरुवातीला मजा व्हती. नंतर रोजचंच झालं. त्यात प्रचार लागला, मग दिवसभर दोन पॅनलचा आवाज, संध्याकाळी सरांचा. माझा सोताचा आवाज फक्त 'काकू, चहा नको' म्हणण्यापुरता उरला. कधी कधी त्या चिनी म्हाताऱ्याचं काय म्हणणं हाय ते मीबी समजून घ्यायला बगायचो, न्हाईतरी तोंड माझंच झिजायलंय. मला वाटायचं, काही न करता करणं हे ह्या घरात सरांलाच जमलंय. ते गप पडून ऱ्हातेत आन भांडण चालू. एकदा सरांला तसं म्हणलं. सरांनी इचार केला आन ओठांनी इचारलं, मग तू दमतो कावून?



प्रचाराचा शेवटचा दिवस आला. भोंगे बंद झाले तवा माझा घसा आतून काचपेपरनं घासल्यासारखा झालता. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून पडून ऱ्हावं एवढीच इच्छा. पण काकूंचा निरोप आला, मालक येऊन बसलेत, सर वाट बगायलेत. गेलो.

त्या दिवशीचं भांडण लई लांबलं. सर सुटलेच. चिनी म्हातारा झाला, निजाम झाला, दोन्ही पॅनल झाले. दोन्हीकडचा आवाज माझा, हे सरांला माहीत, म्हणून त्याच्यावरबी चार टोमणे, आन ते मला मारायचे टोमणेबी मीच बोललो. मालक मात्र त्या दिवशी ढिले व्हते. पोरानं त्यायला स्कुटी चालवायला बंदी केली व्हती, नातवाच्या मागं बसून आलते. कितींदा येणं जमंल काय माहीत, असं म्हणले. मग नेहमीचं मागणं मागितलं, पण हसत न्हाई. "मास्तर, आता आपण दोघं किती दिवसाचे. एकदा म्हण."

सरांनी डोळे मिटले. मोठं उत्तर द्यायचं असलं की सर डोळे मिटतेत, शाळेपासूनची सवय. मला पुढचं सगळं पाठ व्हतं. हं, तर येणार, मग फावडं येणार, मग भ्या येणार, मग मालक खवळणार आन पुन्हा पहिल्यापासून. माझ्या घशात तेवढी जागा न्हवती. आन मालकाचं तोंड समोर, एवढं एवढं झालेलं. सरांचे ओठ हलायच्या आधीच मी बोललो.

"हं, तर. पाटलाच्या, तुझ्या आजानं बरोबर केलं. गाव वाचवलं त्यानं."

इतकी चांगली नक्कल मी आजवर केलेली न्हाई. मालकानं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आन तसाच हातात धरून बसले. मग लई हळू म्हणले, "पुन्हा म्हण."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाजंच्या लाकडावर सरांचा पंजा आदळला. गळा गेलाय सरांचा, कान शाबूत हायेत. डोळे मोठे करून माझ्याकडं बगायले. मालकानं चष्मा लावला. सरांकडं बगितलं, मग माझ्याकडं. "हे त्यानं म्हणलं, का तू?"

म्हणलं, मी, मालक.

सरांचे ओठ सुरू झाले. मी मान खाली घातली. मालकाला ओठ दिसत न्हवते, पण सर बोलायलेत एवढं कळत व्हतं. म्हणले, खाली काय बगतो, काय म्हणायलाय तो ते सांग, आन त्याच्याच आवाजात सांग. म्हंजे माझी हजामत मलाच करायची व्हती, सरांच्या आवाजात, फाटक्या घशानं. केली.

"हं, तर. गाढवा. गळा डॉक्टरनं कापला, तो जगवायला कापला. तू काय कापायलास? ह्या पाटलानं आयुष्यभर माझ्याकडं एक वाक्य मागितलं. मला काय ते देता येत न्हवतं? रोज तो स्कुटीला चावी लावायचा तवा वाटायचं, देऊन टाकावं. दिलं न्हाई. कावून, की माझा चुलता एकटा गेलता. आन तू ते चहाबरोबर बिस्कीट द्यावं तसं देऊन मोकळा झालास, तुला घरी जायचं व्हतं म्हणून."

चुलत्याचं नाव त्या ओसरीत पहिल्यांदाच निघालं, आन ते माझ्या तोंडून. काकू दारात येऊन उभ्या ऱ्हायल्या. मी थांबलो तर सरांनी पायानं ढोसलं, अजून संपलं न्हाई. पण मधी मालकच बोलले, भिंतीकडं बगत. म्हणले, "मग दे की बे खरं. ह्यानं सांडलंच हाय, तर तू भरून दे."

सरांनी मालकाकडं बगितलं. मग ओठ एकदाच हलले. न्हाई. मी ते बारीक करून म्हणलं, माझ्या आवाजात, मालकाला कमी लागावं म्हणून.

सरांनी माझा कान धरला आन माझं तोंड सोताकडं वळवलं. ओठ एकदम सावकाश हलायले, पहिलीतल्या पोराला शिकवावं तसे. नीट म्हण, गाढवा. माझ्या आवाजात म्हण. तुझ्या आवाजातलं 'न्हाई' घेऊन तो घरी कसा जाईल?