वानखडेकाकांचं ॲव्हरेज

पेट्रोल पंपावर टाकी भरली की बाकीचे लोक निघून जातात. वानखडेकाका गाडीच्या मागे जात, डिकीवर दोन्ही हात टेकवत आणि अख्खी गाडी गदागदा हलवत. मग पंपावरच्या माणसाला म्हणत, "आता टाका अजून थोडं." पहिल्या दिवशी मी संकोचून बाजूला उभी राहिले. मागे रांग लागलेली, हॉर्न वाजत होते. काका शांतपणे म्हणाले, "लेकराले दूध पाजल्यावर ढेकर काढतो ना आपण, मॅडम? तसंच आहे. टाकीत हवा राहिली तर आकडा खोटा येते."

मी नुकतीच इंजिनिअर होऊन एका मोटार कंपनीच्या चाचणी विभागात लागले होते आणि काका तिथले सर्वांत जुने चालक. टाकी काठोकाठ भरायची, ठरलेल्या रस्त्यानं गाडी चालवून आणायची, त्याच पंपावर पुन्हा तितकीच भरायची आणि लिटरला किती किलोमीटर पडले ते तक्त्यात लिहायचं, हे आमचं काम. काका मूळचे दर्यापूरकडचे. पुण्यात तीस वर्षं काढूनही त्यांच्या जिभेवरचं वऱ्हाड गेलं नव्हतं.

शहरातली चाचणी ते संध्याकाळी सहाला सुरू करत. कात्रज, स्वारगेट, कसबा पेठेच्या कडेनं नदीपलीकडे, मग येरवडा. एसी चालू आणि मागच्या सीटवर दोन माणसांच्या वजनाच्या वाळूच्या गोण्या. एकदा वैतागून मी म्हटलं, "काका, सकाळी लवकर जाऊ या ना. तासाभरात उरकेल."

"लोकं कामावरून घरी कधी जातात?"

"संध्याकाळी."

"मंग आपण पहाटे कायले जायचं? दूध घालायले?"

साताऱ्याच्या रस्त्यावर मात्र मला वेगाचा मोह व्हायचा. ते ऐंशीच्या पुढे जात नसत. "शंभरच्या वर गाडी रस्त्यावर नाही चालत, वाऱ्याशी भांडत राहते," ते म्हणायचे, "अन् भांडणाचं पेट्रोल आपल्या टाकीतलं." पण चाचणीच्या तक्त्यात ऐंशीचा आकडा लिहून झाला की पुन्हा टाकी भरून तोच रस्ता ते शंभरानं चालवत आणि तोही आकडा लिहीत. "सगळे थोडेच माझ्यासारखे म्हातारे आहेत?"

मग कंपनीची नवी गाडी आली. माहितीपत्रकात 'रोजच्या वापरातलं खरं ॲव्हरेज' छापायचं ठरलं होतं. काकांच्या हातून शहरात साडेतेरा पडले. आमच्या विभागाच्या साहेबांचा चेहरा उतरला. "रविवारी पहाटे करा पुन्हा," ते म्हणाले. काका म्हणाले, "करतो." पहाटे रिकाम्या रस्त्यावर, एसी बंद ठेवून, त्यांनी सतरा काढून दाखवले आणि तक्त्याच्या शेऱ्याच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं : 'रविवार पहाट. रस्ता रिकामा. एसी बंद. गोण्या नाहीत.'

तो तक्ता संगणकावर चढवायचं काम माझं. साहेब टेबलाशी येऊन सहज बोलल्यासारखं म्हणाले, "शेरे वगैरे नको, फक्त आकडे घ्या." मी नवीन होते, नोकरी कायम व्हायची होती. मी फक्त आकडे घेतले.

माहितीपत्रक आलं, त्यात नुसता सतराचा आकडा होता. काकांनी ते दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि चहाला गेले.

आमच्या घरात मात्र त्या आकड्यानं आनंदीआनंद झाला. ताईच्या यजमानांना, म्हणजे माझ्या भाऊजींना, कात्रजहून येरवड्याला रोज ऑफिसला जायचं असे. माझ्याच कंपनीची गाडी म्हणून त्यांनी डोळे मिटून ती घेतली. दोन महिन्यांनी मी त्यांच्याकडे जेवायला गेले तर पानावर बसताच ते म्हणाले, "तुमच्या कंपनीचा लिटर जरा मोठा असतो का गं? आमच्या लिटरमध्ये बाराच बसतात."

मी काकांना गळ घातली, जरा त्यांच्यासोबत बसाल का? ते तीन दिवस भाऊजींच्या शेजारी बसून येरवड्याला गेले. मी मागे बसायची. भाऊजी सिग्नल लाल दिसला तरी जोरात जात आणि करकचून थांबत.

"लाल दिसून राहिला ना, साहेब? मंग तिथं लवकर पोचून काय आरती करता? पाय काढा, गाडी आपसूक जाते तिथपर्यंत. एवढं पेट्रोल जाळून वेग आणला, अन् ब्रेक दाबून फेकून दिला!"

भाऊजी मनापासून शिकले. तिसऱ्या दिवशी वाटेत पंपावर टाकी भरून हिशेब केला तर चौदा पडले होते. ते खूश झाले, पण पुन्हा रस्त्याला लागताच म्हणाले, "मग सतरा कुणाला पडले?"

"मले पडले," काका म्हणाले. "रविवारी पहाटे, एसी बंद करून. तसं लिहून दिलं होतं मी."

"मग छापलं का नाही?"

काकांनी मागे वळून पाहिलं नाही. "समोर पाहा, साहेब. बस थांबून राहिली."

"भाऊजी, ते मी गाळलं," मी म्हणाले.

येरवड्याला उतरताना भाऊजी एवढंच म्हणाले, "ताईला मी सांगणार नाही. तूच सांग."

परतीच्या रिक्षात मी रडत होते. काका म्हणाले, "पोरी, गाडी कमी देते यात लाज कशाची? गाडी खोटं नाही बोलत, बाप्पा. तिनं सांगितलं ते लिहायचं. साहेब चिडतील, चिडू दे."

साहेब चिडले. मूळ तक्ता आणि माझ्या चुकीची लेखी कबुली, दोन्ही मी विभागात सगळ्यांना पाठवली होती. माझी रवानगी चार महिने सुट्या भागांच्या गोदामात झाली. ताई पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही. पण पुढच्या माहितीपत्रकात दोन आकडे आले, मोकळ्या रस्त्याचा वेगळा आणि गर्दीचा वेगळा. ते कोणामुळे, मला माहीत नाही. काकांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "आता बरं आहे."

गेल्या उन्हाळ्यात ते निवृत्त होऊन गावी जायला निघाले. त्यांना स्टेशनवर सोडायला मी हट्टानं माझी गाडी घेऊन त्यांच्या कात्रजच्या खोलीवर गेले. काकू पुढे बसल्या, काका सामानाबरोबर मागे. संध्याकाळची तुंबलेली वाहतूक. मी प्रत्येक सिग्नलला ते काहीतरी सांगतील म्हणून वाट पाहत होते. पद्मावतीच्या चौकात आरशात पाहिलं, तर काकांची मान एका बाजूला कलंडलेली, तोंड किंचित उघडं.

काकू मागे वळल्या आणि बघतच राहिल्या. "अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "हे कोणाच्याच गाडीत झोपत नाहीत. एसटीत बसले तरी पायानं ब्रेक दाबत राहतात."

स्टेशनवर पोचलो तेव्हा रेल्वे सुटायला पाऊण तास होता. मी इंजिन बंद केलं. काकू त्यांना हाक मारणार होत्या.

"राहू द्या, काकू," मी म्हटलं. "वेळ आहे अजून."

आणि आम्ही दोघी आवाज न करता बसून राहिलो.