स्पिरिटचा वास जाईपर्यंत

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांचे. मुळशी धरणाच्या काठावरच्या त्या शाळेत एकच सूक्ष्मदर्शक होता आणि तो मामांच्या ताब्यात असे. स्पिरिटच्या फडक्याने भिंग पुसल्यावर ते कुणालाच लगेच डोळा लावू देत नसत. चहा पिऊन येत, वाकून भिंगाचा वास घेत आणि मगच बाजूला होत. तोवर तास संपत आलेला असे. मामा उगाच भाव खातात, असं आम्हाला वाटायचं.

दहावीनंतर मी पुण्याला जायला कचरत होतो, तेव्हा माझी कागदपत्रं पिशवीत घालून तेच माझ्याबरोबर एसटीत बसले. त्याआधी आमच्या घरातल्या कुणी कॉलेज आतून पाहिलेलं नव्हतं.

आता मी पुण्याजवळ मारुंजीत भाड्याने राहतो आणि जवळच्या एका छोट्या कंपनीत काम करतो. शिरेतून दिलेल्या भुलीच्या औषधाचा अगदी किंचित अंश रुग्णाच्या श्वासातून बाहेर पडतो. आमचं यंत्र त्या श्वासातून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडतं. औषध त्यातला ठरावीक प्रकाश शोषून घेतं. किती प्रकाश कमी झाला, त्यावरून औषध किती आहे ते कळतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या अंदाजाला श्वासातून मिळालेल्या एका आकड्याची जोड मिळावी, एवढ्यासाठी ही सगळी खटपट.

यंत्र ऑपरेशन थिएटरमध्ये न्यायचं तर रुग्णालयातल्या भूलतज्ज्ञ मॅडमची खात्री पटायला हवी होती. त्यांची अट साधी होती. जाग्या माणसाने फुंकलं तर यंत्राने शून्य दाखवायचं.

चाचणीच्या दिवशी मी यंत्राची काच आणि फुंकायची नळी स्पिरिटने दोनदा पुसली. मॅडम आल्यावर त्यांच्यासमोर आणखी एकदा पुसली. त्यांनी फुंकलं आणि आकडा चढतच गेला.

मॅडम म्हणाल्या, "याच्या मते मी आत्ता भूल चढून टेबलावर आडवी असायला हवी. मी कायम पेंगत असते म्हणणाऱ्या आमच्या घरच्यांना पटेल हे."

मी हसलो नाही. जाताना त्यांनी पुढच्या शुक्रवारची वेळ दिली. तेव्हाही असंच झालं तर पुन्हा येऊ नका, असं शांतपणे सांगितलं. तसं झालं तर कंपनी हे काम बंद करणार, हे मला ठाऊक होतं. दोन वर्षं मी दुसरं काही केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीपासून मी स्वतःच फुंकायला लागलो. रोज सकाळी आकडा मोठा यायचा आणि दुपारपर्यंत आपोआप उतरायचा. मी यंत्राचे सगळे भाग तपासले. आकडा चुकला की दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी नीट पुसायचो. शेवटी शेजारच्या टेबलावरचा, नांदेडहून आलेला सहकारी वैतागून म्हणाला, "तू पुसलास की चढतंय बघ ते. जरा हात आवर."

मी नळी नाकाशी नेली, स्पिरिटचा वास आला आणि मला मामांचं वाकणं आठवलं. स्पिरिटची वाफसुद्धा जवळपास तोच प्रकाश शोषते. मामांकडून मी पुसणं तेवढं उचललं होतं, वास जाईपर्यंत थांबणं सोडून दिलं होतं.

मी मॅडमना फोन करून चूक सांगितली. पलीकडून प्रश्न आला, "थिएटरमध्ये सगळे सारखे हाताला सॅनिटायझर चोळतात. त्यातही स्पिरिटच असतं. त्यांना काय, चहाला पाठवणार?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. नुसतं थांबून भागणार नव्हतं. मग मी स्पिरिटला वेगळं ओळखणारा दुसरा प्रकाश यंत्रात बसवायला घेतला. म्हणजे स्पिरिटचा वाटा आधी वजा होईल आणि उरेल तेवढंच औषध. चार दिवस जुळवाजुळव चालली. गुरुवारी दुपारी आकडा जागेवर बसला.

शुक्रवारी मॅडमनी मुद्दाम तळहातांना भरपूर सॅनिटायझर चोळला, हात नळीभोवती धरले आणि फुंकलं. आकडा शून्यावर थरथरला आणि तिथेच राहिला. त्यांनी पुन्हा फुंकलं. मग म्हणाल्या, "सोमवारी आणा. औषध किती द्यायचं ते मीच ठरवणार. हे कोपऱ्यात बसून नुसतं बघेल."

मामांच्या वाडीत फोनला रेंज नसते. त्या संध्याकाळी मी त्यांना पत्र टाकलं.

"मामा,

नमस्कार. तुम्ही एसटीतून पुण्याला पोचवलेला मुलगा लिहितोय. भिंग पुसल्यावर तुम्ही आम्हाला ताटकळत ठेवायचात, तेव्हा आम्ही मागून तुमची नक्कल करायचो. त्यात मीही होतो. ते थांबणं मी विसरलो आणि माझं काम बुडता बुडता राहिलं. नळीचा वास घेतला तेव्हा तुम्ही आठवलात.

सोमवारी आमचं यंत्र पहिल्यांदा खऱ्या रुग्णाजवळ उभं राहील. रुग्णाने स्वतः होकार दिलाय. आता यंत्र स्पिरिट ओळखतं, तरी मी काच पुसून थांबणार आहे. बाहेर जाऊन चहा घेईन, परत येऊन वास घेईन आणि मगच चालू करीन. कुणी घाई केली तरी तुमच्यासारखाच ऐकणार नाही."